फोन रूट आहे का, हे फोनलाच विचारू नका

"रूट चेक टाकला होता, पण ऑडिटवाल्याने पाच मिनिटांत चुकवून दाखवला. आता कुठली लायब्ररी घालू?" छोट्या बँकांची आणि पतसंस्थांची ॲप बनवणाऱ्या टीमकडून हा प्रश्न मला सारखा येतो. (रूट केलेला फोन म्हणजे ज्यावर सिस्टीमचे सर्वाधिकार मिळवलेत असा फोन; रूट चेक म्हणजे तो ओळखणारी ॲपमधली तपासणी.) लायब्ररी बदलून काही होत नाही. तपासणी ॲपमध्ये, निकाल ॲपमध्ये, निर्णयही ॲपमध्येच, आणि ते ॲप बसलंय ज्याच्यावर संशय आहे त्याच्या फोनमध्ये. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यावर कुलूप कुठल्या कंपनीचं होतं, ही चौकशी करण्यात अर्थ नसतो.

पुढे जे लिहितोय ते मुख्यतः अँड्रॉइडसाठी आहे, आयफोनबद्दल शेवटी थोडं. क्रम मोडू नका. बहुतेक जण पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि पहिल्या तीनकडे कधी येतच नाहीत.

## टप्पा १ : संशय नक्की कशाचा, ते कागदावर लिहा

"फोन सुरक्षित नाही" या एका वाक्यात किमान सहा वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. त्या सुट्या करा.

१. बूटलोडर (फोन सुरू होताना अँड्रॉइड उघडणारा प्रोग्रॅम) अनलॉक केलेला किंवा कस्टम रॉम, म्हणजे बाहेरचं अँड्रॉइड, टाकलेला फोन.
२. रूट केलेला फोन, म्हणजे मॅजिस्क, कर्नलएसयू, एपॅच या रूट करणाऱ्या साधनांपैकी काहीतरी बसवलेलं.
३. फोन ठीक, पण तुमचं ॲपच फोडून, बदलून, पुन्हा बांधून टाकलेलं.
४. ॲप मूळ, पण चालू असताना फ्रिडा किंवा एलएसपोज्ड अशी साधनं वापरून त्याच्या आतली फंक्शन बदललेली.
५. खरा फोन नाहीच. एम्युलेटर (संगणकावर चालणारा नकली फोन) आहे, किंवा दुसऱ्या ॲपच्या पोटात तुमचं ॲप चालवलं जातंय.
६. फोन शंभर टक्के कोरा, पण मालकाने कुणाच्या तरी सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकलंय किंवा ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचण्याची आणि फोन चालवण्याची) परवानगी देऊन बसलाय.

सहाव्यावर थोडं थांबू. व्हॉट्सॲपवर ई-चलानच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके (ॲपची) फाइल टाकून ज्यांचे पैसे जातात, त्यांचे फोन रूट केलेले नसतात. एसएमएस वाचायची परवानगी आणि ॲक्सेसिबिलिटी एवढ्यावर चोराचं भागतं. तुमचा रूट चेक अशा फोनवर हिरवा दिवा दाखवेल आणि तो खोटंही बोलत नसेल. उलट हौसेने रॉम बदलणारा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी त्यात अडकेल, आणि त्याच्या खात्यात चोरण्यासारखं बहुधा काही नसतं. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी काढलेल्या डिजिटल पेमेंट सुरक्षेच्या मास्टर डायरेक्शनमध्येही, फोन दुरून चालवणारी ॲप शक्य तितकी ओळखावीत आणि खबरदारी म्हणून लॉगिन रोखावं, हा मुद्दा वेगळा घातला होता.

आता या सहा ओळींसमोर ॲपमधल्या कृती मांडा: शिल्लक पाहणं, पैसे पाठवणं, नवा लाभार्थी जोडणं, पिन बदलणं, नवा फोन नोंदवणं. कोणत्या संशयाला कोणती कृती थांबवायची, हे आत्ता ठरवा. नंतर ठरवू म्हटलं की सगळ्यांना एकच उत्तर मिळतं: ॲप बंद.

तपासा: हा कागद शाखा सांभाळणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. "बूटलोडर" शब्द कळला नाही तरी चालेल, पण कोणत्या ग्राहकाचं काय थांबणार, हे त्याला सांगता आलं पाहिजे.

## टप्पा २ : आधी सर्व्हर तयार करा

ॲपमध्ये एक ओळ लिहिण्याआधी बॅकएंडवर पुढच्या चार गोष्टी हव्यात.

१. एकदाच वापरायचा, अंदाज न येणारा आकडा देणारा एंडपॉइंट, म्हणजे सर्व्हरवरचा पत्ता. त्याला नॉन्स म्हणा किंवा चॅलेंज. त्याची मुदत दोन-तीन मिनिटं ठेवा आणि एकदा वापरला की बाद करा.
२. फोनकडून आलेला पुरावा पडताळून फक्त निकाल नोंदवणारी सेवा.
३. निकालावरून कृतीला परवानगी देणारे नियम, आणि ते नवं ॲप न काढता बदलता आले पाहिजेत.
४. सगळं एका झटक्यात बंद करणारा खटका.

चौथ्याला लोक हसतात. मग एखाद्या सोमवारी सकाळी हजारो ग्राहक अडकतात आणि नवं ॲप प्लेच्या तपासणीतून बाहेर पडेपर्यंत सगळे हात बांधून बसतात.

सावधान: चॅलेंज फोनवर तयार करू नका. वेळ आणि ग्राहक क्रमांक जोडून केलेला हॅश (माहितीवरून गणिताने काढलेला ठसा) म्हणजे चॅलेंज नव्हे. तो कुणीही आधीच तयार करून ठेवू शकतो.

## टप्पा ३ : प्ले इंटिग्रिटी

प्ले इंटिग्रिटी म्हणजे फोन आणि ॲप अस्सल आहेत का, याचं गूगलकडून मिळणारं उत्तर. त्याआधीची सेफ्टीनेट तपासणी गूगलने बंद केली आहे. तिचा कोड अजून प्रोजेक्टमध्ये पडून असेल तर काढा. नुसतं उत्तर येत नाही एवढंच नाही. कित्येक ठिकाणी उत्तर आलं नाही की "ठीक आहे" असं धरणारी ओळ शेजारीच लिहिलेली सापडते.

प्ले इंटिग्रिटीत विनंतीच्या दोन पद्धती आहेत. क्लासिकमध्ये तुमचा नॉन्स जातो. ती हळू आहे, क्वचित आणि महत्त्वाच्या वेळी वापरायची. स्टँडर्डमध्ये ॲप उघडताना आधी तयारी करून ठेवायची आणि प्रत्यक्ष कृतीच्या वेळी रिक्वेस्ट हॅश देऊन टोकन, म्हणजे गूगलचा सीलबंद निकाल, घ्यायचं. रोजच्या व्यवहारांना स्टँडर्ड, नवा फोन नोंदवताना क्लासिक, अशी वाटणी मला सोयीची वाटते.

क्रम असा ठेवा.

१. व्यवहाराचा तपशील एका ठरलेल्या क्रमाने लिहून त्याचा हॅश काढा. खाते क्रमांक, पैशांत मोजलेली रक्कम आणि सर्व्हरने दिलेला व्यवहार क्रमांक एवढं पुरे.
२. तो हॅश देऊन टोकन मागा.
३. टोकन आणि व्यवहार एकत्रच सर्व्हरला पाठवा.
४. टोकन सर्व्हरवरून गूगलकडे उलगडून घ्या.
५. सर्व्हरने व्यवहारावरून तोच हॅश स्वतः काढून जुळवावा. मग पॅकेजचं (ॲपची ओळख असलेलं) नाव, मग वेळ, आणि शेवटी फोनचा निकाल.

पाचव्या पायरीतला क्रम उलटा ठेवणारे पुष्कळ. फोनचा निकाल "उत्तम" आहे, पण टोकन दुसऱ्याच फोनवरून आणलेलं आहे, अशी स्थिती मग दिसतच नाही. चांगल्या फोनचं टोकन घेऊन वाईट फोनवरच्या व्यवहाराला चिकटवणं हा जुना धंदा आहे.

हॅशमध्ये लाभार्थ्याचं नाव घालू नका. देवनागरीत तर मुळीच नको. "ऱ" हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतं आणि "र" खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखंच, हॅशला मात्र वेगळं. फोनने टाइप केलेल्या नावाचा हॅश काढला, सर्व्हरने नोंदीतल्या नावाचा, आणि ज्यांच्या आडनावात ते अक्षर आहे तेवढेच ग्राहक अडकले, तर कारण शोधण्यात आठवडा जातो.

आता निकाल वाचण्याबद्दल. फोनसाठी तीन मुख्य खुणा मिळू शकतात: बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग. काहीही सांगितलं नाही तर फक्त डिव्हाइसची येते. बाकीच्या प्ले कन्सोलमध्ये जाऊन चालू कराव्या लागतात. फोन नापास झाला की "नापास" असं लिहून येत नाही, खुणांची यादी रिकामी येते. रिकामी यादी आणि न आलेली यादी यांत गल्लत करणारा कोड मी पाहिला आहे.

अँड्रॉइड १३ आणि त्यापुढे डिव्हाइसची खूण मिळायला हार्डवेअरचा पुरावा लागतो, म्हणजे बूटलोडर लॉक आणि प्रमाणित अँड्रॉइड. त्याआधीच्या आवृत्त्यांवर ती खूण त्या मानाने हलकी. स्ट्राँगसाठी अँड्रॉइड १३ पासून पुढे मागच्या वर्षभरातलं सुरक्षा अपडेटही लागतं. इथेच मोह आवरा. "आम्ही सर्वांत कडक पातळी ठेवली" हे बैठकीत ऐकायला छान वाटतं. पण ज्याच्या स्वस्त फोनला कंपनीने अपडेट देणं थांबवलंय, तो ग्राहक त्यात बाहेर जातो. त्याने काहीही केलेलं नसतं.

ॲपच्या परवान्याचा निकालही येतो. कर्मचाऱ्यांनी एपीके व्हॉट्सॲपवरून घेऊन टाकली असेल तर ते "विनापरवाना" दिसणार. ती तुमच्या कार्यालयाची सवय आहे, हल्ला नव्हे.

आणि सहाव्या संशयासाठी इथेच एक हत्यार आहे: ॲप ॲक्सेस रिस्क. दुसरं कुठलं ॲप स्क्रीन टिपतंय, वर पडदा टाकतंय किंवा फोन चालवतंय का, हे त्यातून कळतं. सगळ्या ॲक्सेसिबिलिटी सेवांवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा हे फार बरं, कारण सरसकट बंदीत टॉकबॅक वापरणारा अंध ग्राहक पहिला बळी जातो.

सावधान: सुरुवातीची मर्यादा दिवसाला १०,००० विनंत्यांची असते. ॲप उघडलं की टोकन, पान बदललं की टोकन, असं केलंत तर आवर्त ठेवीचे हप्ते भरायच्या दिवसांत ती दुपारपर्यंत संपेल. वाढवून मिळते, पण आधी अर्ज करावा लागतो.

तपासा: नेटवर्क नाही, प्ले स्टोअर नाही, विनंत्या जास्त झाल्या, गूगलचा सर्व्हर बंद, या प्रत्येक चुकीला वेगळा कोड येतो. त्यातल्या एकाचाही अर्थ "फोन रूट आहे" असा तुमच्या कोडमध्ये होत नाही ना? थोडं थांबून, दरवेळी थांबा वाढवत, पुन्हा विचारा.

## टप्पा ४ : हार्डवेअरची साक्ष, की अटेस्टेशन

हा टप्पा लोक टाळतात, कारण प्रमाणपत्रांची साखळी पाहिली की डोकं गरगरतं. माझ्या मते कष्टांचं सर्वांत जास्त फळ इथेच मिळतं. प्ले इंटिग्रिटी तुम्हाला गूगलचं मत देते. इथे पुरावा तुमच्या हातात येतो, आणि शिवाय एक किल्ली मिळते जी पुढे रोज कामाला येते.

कल्पना सोपी आहे. फोनच्या आत मुख्य अँड्रॉइडपासून वेगळा राखलेला सुरक्षित भाग असतो. ॲप त्याला एक किल्ली बनवायला सांगतं. ती किल्ली कुठे बनली, बूटलोडर लॉक होता का, अँड्रॉइड कुणाच्या सहीचं होतं, हे सगळं तो भाग प्रमाणपत्रात लिहून देतो आणि त्यावर कारखान्यापासून गूगलपर्यंत पोहोचणारी सह्यांची साखळी असते. अँड्रॉइड ७ पासून ही सोय आली.

१. सर्व्हरकडून नवा चॅलेंज घ्या.
२. अँड्रॉइड कीस्टोअरमध्ये (किल्ल्या ठेवायच्या जागेत) तो चॅलेंज देऊन नवी किल्ली बनवा. आधीची किल्ली पुन्हा वापरू नका, जुन्या किल्लीवर जुनाच चॅलेंज कोरलेला असतो.
३. प्रमाणपत्रांची अख्खी साखळी सर्व्हरला पाठवा. ॲपमध्ये उघडून वाचू नका.
४. सर्व्हरवर प्रत्येक सही वरच्या प्रमाणपत्राशी पडताळा.
५. सर्वांत वरचं प्रमाणपत्र गूगलने जाहीर केलेल्या मूळ प्रमाणपत्रांपैकी आहे का, ते पाहा. मूळ प्रमाणपत्रं एकाहून अधिक आहेत आणि बदलतात. एकच कोडमध्ये कोरून ठेवलंत तर नवे फोन नापास होतील.
६. साखळीतल्या प्रत्येकाचा अनुक्रमांक गूगलच्या रद्द केलेल्यांच्या यादीत शोधा.
७. मग अटेस्टेशनचा मजकूर वाचा. चॅलेंज जुळतो का? सुरक्षा पातळी "सॉफ्टवेअर" नसून सुरक्षित भाग किंवा स्ट्राँगबॉक्स (वेगळी सुरक्षा चिप) आहे का? बूटलोडर लॉक? बूट स्थिती "व्हेरिफाइड"?
८. शेवटी ॲपचं नाव आणि सहीचा ठसा.

आठवी पायरी शेवटी का? बूटलोडरची माहिती हार्डवेअरकडून येते, पण ॲपचं नाव अँड्रॉइड सांगतं. अँड्रॉइडच बदललेलं असेल तर ते कोणतंही नाव सांगेल. आधी सातवी पास होऊ द्या, मगच आठवीवर विश्वास ठेवा.

सातवीतही एक खड्डा आहे. अटेस्टेशनचा मजकूर साखळीत एकापेक्षा जास्त प्रमाणपत्रांत सापडू शकतो. तुम्ही वाचायचा तो मूळ प्रमाणपत्राच्या सर्वांत जवळचा. कारण आपल्या हातातल्या किल्लीने साखळीच्या शेपटाला आणखी एक बनावट प्रमाणपत्र जोडणं हल्लेखोराला सोपं असतं. "यादीतलं पहिलं उघडा आणि वाचा" असा कोड त्याला आयताच फसतो.

सहावी पायरी रोज ताजी हवी. कारखान्यातून गळालेल्या किल्ल्या घेऊन रूट केलेला फोन सज्जन असल्याचं भासवणारी मॉड्युलं राजरोस फिरतात. गूगल अशा किल्ल्या रद्द करत राहतं. यादी सहा महिन्यांपूर्वी एकदा उतरवून घेतली असेल तर ती नसल्यातच जमा. मात्र दोन ग्राहकांच्या साखळीत वरच्या बाजूला एकच प्रमाणपत्र दिसलं म्हणून घाबरू नका. जुन्या पद्धतीत एकाच प्रकारच्या हजारो फोनांत मुद्दाम तीच किल्ली ठेवली जायची, माणसागणिक माग काढता येऊ नये म्हणून.

बूट स्थितीत "सेल्फ साइन्ड" दिसलं तर? बूटलोडर लॉक आहे, पण अँड्रॉइड फोन कंपनीच्या सहीचं नाही. ग्राफीनओएससारखी सिस्टीम अशीच दिसते, आणि ती सुरक्षेच्या बाबतीत बाजारातल्या कित्येक फोनांपेक्षा सरस आहे. बदललेला फोन आणि बिघडलेला फोन यांत फरक आहे. असे ग्राहक थोडे असतील. त्या सिस्टीमने जाहीर केलेल्या बूट किल्ल्यांचे ठसे मान्य यादीत घालणं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

बनलेली किल्ली टाकून देऊ नका. तिचा सार्वजनिक भाग ग्राहकाच्या खात्याशी बांधा आणि पुढचा प्रत्येक व्यवहार तिच्याच सहीने मागा. मूळ किल्ली फोनच्या सुरक्षित भागातून बाहेर काढता येत नाही, त्यामुळे ओटीपी चोरून दुसऱ्या फोनवर बसलेल्याला ती सही जमणार नाही. सहाव्या संशयाविरुद्ध एवढा भरवशाचा आडोसा दुसरा मला माहीत नाही. अर्थात चोर ग्राहकाचाच फोन दुरून चालवत असेल तर ही सहीही उमटेल. म्हणून मागच्या टप्प्यातली ॲप ॲक्सेस रिस्क हवीच.

तपासा: ॲप काढून पुन्हा टाकलं की किल्ली जाते. पुन्हा नोंदणीचा रस्ता नीट चालतो का? आणि तो रस्ताच चोरासाठी सोपा तर झाला नाही ना?

## टप्पा ५ : ॲपच्या आतल्या तपासण्या

बहुतेकांचं सगळं काम इथे सुरू होऊन इथेच संपतं. या तपासण्यांना मी कुत्र्याच्या भुंकण्याइतकं मोल देतो. ऐकायचं जरूर, पण भुंकला नाही म्हणून घरात कुणी शिरलंच नाही असं धरायचं नाही.

काय पाहायचं: सिस्टीम फोल्डरांत "एसयू" नावाची (रूटचे अधिकार देणारी) फाइल, माउंटच्या यादीत मॅजिस्कच्या खुणा, बूट स्थितीचे गुणधर्म, प्रोसेसच्या मेमरी नकाशात फ्रिडाचे तुकडे, फ्रिडाचं नेहमीचं २७०४२ क्रमांकाचं पोर्ट, डीबगर चिकटलाय का ते सांगणारा ट्रेसर पीआयडी, एम्युलेटरच्या हार्डवेअरची गोल्डफिश किंवा रांचू ही नावं.

आता चुका. या मी क्रमाने मांडत नाही, ज्या जास्त वेळा भेटतात त्या आधी.

पॅकेज शोधून "मॅजिस्क नाही" म्हणणं. अँड्रॉइड ११ पासून, मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) नाव नोंदवल्याशिवाय दुसरं ॲप तुम्हाला सहसा दिसतच नाही. शोध नेहमी रिकामा येतो आणि टीम खूश. शिवाय मॅजिस्कचं ॲप स्वतःचं नाव बदलून लपू शकतं, त्यामुळे नाव नोंदवूनही फारसं हाती लागत नाही. फोनमधल्या सगळ्या ॲपची यादी सर्व्हरवर नेण्याचा विचार तर सोडाच. ती वैयक्तिक माहिती आहे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि प्ले स्टोअरही जाब विचारतं.

डेव्हलपर ऑप्शन्स चालू म्हणून ॲप बंद. हे तर फारच बोकाळलंय. ॲनिमेशनचा वेग कमी करायला कुणीतरी ते पान उघडलेलं असतं. त्याचा रूटशी संबंध नाही. लाभार्थी जोडताना यूएसबी डीबगिंग चालू असेल तर सूचना द्या, त्यापुढे जाऊ नका.

बिझीबॉक्स (छोट्या लिनक्स आज्ञांचा संच) सापडलं म्हणून रूट ठरवणं. काही फोन कंपन्यांच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच ते राहून गेलेलं असतं. रूट ओळखणाऱ्या रूटबीअर लायब्ररीत तेवढी तपासणी वगळणारा पर्याय याच कारणाने वेगळा दिलाय.

ड्युअल ॲपला (एकाच ॲपच्या दोन प्रती चालवण्याच्या सोयीला) हल्ला समजणं. शाओमीच्या फोनवर दुसरी प्रत ९९९ क्रमांकाच्या यूजरखाली चालते. ती फोनचीच सोय आहे. धोक्याची खूण वेगळी: तुमच्या डेटा फोल्डरच्या पत्त्यात दुसऱ्याच ॲपचं पॅकेज नाव दिसणं. म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी पोटात आहात.

"रूट आहे का" असं एकच फंक्शन, हो किंवा नाही सांगणारं. फ्रिडाच्या तयार स्क्रिप्ट नेमकं तेच शोधून त्याचं उत्तर "नाही" करतात. ऑडिटवाल्याची पाच मिनिटं ती हीच. तपासण्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, काही नेटिव्ह कोडमध्ये, काही लॉगिननंतर, काही व्यवहाराच्या ऐन वेळी. प्रत्येकीचं उत्तर वेगळ्या खुणेने सर्व्हरला पाठवा. ॲपने स्वतः काही ठरवायचं नाही.

मुख्य थ्रेडवर "एसयू" चालवून पाहणं. काही फोनांवर ती आज्ञा उत्तराची वाट पाहत बसते आणि ॲप गोठतं. बाजूच्या थ्रेडवर, वेळेची मर्यादा घालून करा.

आणि सहीचा ठसा. ही चूक मी स्वतः केली आहे. ॲप कुणी फेरबांधणी करून तर टाकलं नाही ना, हे पाहायला सहीच्या प्रमाणपत्राचा ठसा कोडमध्ये घातला. हाताने वाटलेल्या एपीकेवर सगळ्या चाचण्या हिरव्या. शुक्रवारी संध्याकाळी प्लेवर चढवलं, आणि ज्याने ज्याने अपडेट घेतलं त्याला "ॲपमध्ये फेरफार आढळला". मी अपलोड किल्लीचा, म्हणजे प्लेवर चढवताना वापरायच्या किल्लीचा, ठसा घातला होता. प्ले ॲप साइनिंगमध्ये ग्राहकाच्या फोनवर जाणारं ॲप गूगलकडे असलेल्या दुसऱ्याच किल्लीने सही होतं. ठसा प्ले कन्सोलच्या ॲप साइनिंग पानावरून घ्या. आणि शुक्रवारी संध्याकाळी काही चढवू नका.

सावधान: मॅजिस्कची डिनायलिस्ट तुमच्या ॲपपुरत्या त्याच्या खुणा उतरवून ठेवते. "आमच्या रूट केलेल्या टेस्ट फोनवर पकडलं" हा पुरावा तोपर्यंत अर्धा, जोवर त्याच फोनवर डिनायलिस्ट लावून पाहिलेलं नाही.

## टप्पा ६ : निर्णय आणि त्यासोबतचं वाक्य

सर्व्हरवर पुरावे एकत्र आले की पहिल्या टप्प्यातला कागद काढा. मी सहसा अशी विभागणी करतो. पुरावा मिळालाच नाही, तर रोजची छोटी मर्यादा चालू आणि नवा लाभार्थी बंद. बूटलोडर अनलॉक एवढंच, तर शिल्लक दिसेल, पैसे पाठवायला जादा पडताळणी. सही जुळत नाही किंवा चालू ॲपमध्ये हात घातलेला दिसतो, तर सत्र बंद, बांधलेली किल्ली रद्द, शाखेत या.

पकडल्याच्या क्षणीच ॲप बंद पाडू नका. कोणत्या ओळीवर पकडलं गेलं, हे हल्लेखोराला त्यातून फुकट कळतं. उत्तर सर्व्हरकडून, थोड्या वेळाने आणि सगळ्या कारणांना एकाच साच्यात येऊ द्या.

ग्राहकाला काय दाखवायचं यावर एक तास द्या. "तुमचा फोन हॅक झाला आहे" असं लिहिलंत तर बाई घाबरून फोन बंद करतील आणि मुलगा शाखेत भांडायला येईल. असं लिहा: "या फोनवरून सध्या पैसे पाठवता येणार नाहीत. शिल्लक पाहता येईल. शाखेत कोड क-१२ सांगा." कोडचा अर्थ शाखेच्या पडद्यावर मराठीत दिसला पाहिजे, नाहीतर तिथला माणूसही "ॲप काढून परत टाका" एवढंच सांगेल.

## टप्पा ७ : चाचणी आणि हळूहळू सोडणं

टेबलावर हे फोन हवेत: अपडेट थांबलेला जुना कोरा फोन, नुसता बूटलोडर अनलॉक केलेला, डिनायलिस्ट लावलेला मॅजिस्कचा, ड्युअल ॲप चालू असलेला, डेव्हलपर ऑप्शन्स चालू असलेला, आणि एक एम्युलेटर. प्रत्येकासमोर अपेक्षित निकाल चाचणीच्या आधी लिहा. नंतर लिहिलं की जो निकाल आला तोच अपेक्षित वाटू लागतो.

१. पहिले चार आठवडे फक्त नोंद. कुणालाही अडवायचं नाही.
२. नोंदीत नापास झालेले फोन मॉडेलप्रमाणे लावा. एकाच मॉडेलचे सगळे नापास असतील तर दोष तुमच्या तपासणीत शोधा.
३. मग एकच कृती अडवा, शक्यतो नवा लाभार्थी जोडणं, आणि तीही एक टक्का ग्राहकांपुरती.
४. तक्रारींचे कोड रोज वाचा. आठवडाभर शांत गेला तर पुढे सरका.

प्ले कन्सोलमध्ये ठरावीक टेस्टर खात्यांना हवा तो इंटिग्रिटी निकाल मुद्दाम देता येतो. नापास निकालाचा पडदा कसा दिसतो, हे पाहायला तो वापरा; दर वेळी फोन रूट करत बसू नका.

तपासा: दुसऱ्या टप्प्यातला खटका खरंच दाबून पाहिलात का? दाबल्यापासून ग्राहकाला व्यवहार करता येईपर्यंत किती मिनिटं गेली, ते लिहून ठेवा.

## आयफोनसाठी

तत्त्व तेच, अवजारं वेगळी. आयओएस १४ पासून ॲप अटेस्ट आहे: किल्ली सुरक्षित भागात बनते, ॲपल तिला दुजोरा देतं, पुढच्या विनंत्या तिच्या सहीने जातात. पण ॲप अटेस्ट "तुमचं ॲप मूळ आहे" एवढं सांगतं, "फोन जेलब्रेक नाही" असं म्हणत नाही (जेलब्रेक म्हणजे आयफोनचं रूट). प्रत्येक सहीसोबत वाढत जाणारा मोजणी आकडा येतो. तो मागच्यापेक्षा मोठा आहे का, हे सर्व्हरने पाहिलं नाही तर जुनी विनंती पुन्हा चालवता येते. ग्राहक लाखांत असतील तर एकाच दिवशी सगळ्यांच्या किल्ल्या बनवायला लावू नका, ॲपलही टप्प्याटप्प्याने करायला सांगतं.

जेलब्रेकच्या स्थानिक तपासण्यांत सिडिया या जेलब्रेकवाल्यांच्या ॲप दुकानाचा पत्ता शोधणं जुनं झालं. आताचे रूटलेस जेलब्रेक आपल्या फाइली "व्हार" फोल्डरातल्या "जेबी" खाली ठेवतात आणि सिस्टीमच्या भागाला हात लावत नाहीत. सँडबॉक्सबाहेर (ॲपला आखून दिलेल्या जागेबाहेर) लिहून पाहणं आणि प्रोसेसमध्ये अनोळखी लायब्ररी लोड झाल्यात का ते मोजणं, या दोन तपासण्या ठेवा. यूआरएल स्कीम (दुसरं ॲप उघडणारा पत्ता) विचारून पाहायची असेल तर ती आधी इन्फो फाइलमध्ये नोंदवलेली लागते. नोंदवली नसेल तर उत्तर कायम "नाही" येईल, अँड्रॉइडच्या त्या रिकाम्या पॅकेज शोधासारखंच.